गोड्या शेताची माती

आमच्या घरात गवत हा शब्दच शिवीसारखा होता. भातातलं गवत काढण्यात आईचं अर्धं आयुष्य वाकून गेलं होतं आणि त्या कामात तिचा हात गावात कोणी धरत नव्हतं. म्हणूनच नवीन पनवेलच्या एका बंगल्यातल्या बाईंनी तिला पहिल्यांदा 'अंगणातलं गवत साफ करायला' बोलावलं, तेव्हा तिने पदर खोचला आणि बाई चहा टाकून बाहेर येईपर्यंत हातभर जागा तळापासून साफ करून टाकली. बाई किंचाळल्याच म्हणे. साफ करायचं होतं ते गवतात उगवलेलं गवत, मुख्य गवत नव्हे. आई घरी आली, ओट्यावर बसली आणि हसत सुटली. ही माणसं गवत विकत आणतात, त्याला पाणी पाजतात, ते कापतात आणि कापलेलं कुंपणाबाहेर टाकतात, आणि दारात एक म्हैससुद्धा नाही, असं ती बाबांना सांगत होती. बाबांनी भाकरीचा तुकडा बोंबलाच्या कालवणात बुडवला आणि शिकलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही, एवढंच म्हणाले.

पण त्या बाईंनी आईला पुन्हा बोलावलं. कारण माळी यायचा तो मशीन फिरवून जायचा, लव्हाळा तसाच ठेवून. लव्हाळा वरून कापला की चार दिवसांत परत डोकं काढतो. त्याची जमिनीखालची गाठ काढावी लागते, आणि ती न तोडता काढायला जे बोट लागतं ते आईकडे होतं. एका बंगल्याचे तीन झाले. मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. शनिवार-रविवार आईबरोबर जाऊ लागले आणि माझ्या लक्षात आलं, की कापायलाही आपणच का येऊ नये. जुन्या पनवेलमधल्या एका भंगारवाल्याकडे हाताने ढकलायचं लोखंडी मशीन पडलं होतं. ते आणलं, रॉकेलने धुतलं, आणि आमचा धंदा सुरू झाला. पाटी नाही, कार्ड नाही. शनिवारी सकाळी गव्हाणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रकांची धूळ खात आम्ही दोघी सहा आसनी रिक्षाची वाट बघत उभ्या राहायचो. आईच्या पिशवीत दोन खुरपी आणि डबा, माझ्या हातात ते मशीन. रिक्षावाला मशीनचं वेगळं तिकीट मागायचा. आई त्याला म्हणायची, ते मांडीवर घेते, लहान हाय.

बाबांना हा प्रकार पसंत नव्हता, पण बोथट लोखंड त्यांना बघवायचंही नाही. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आले की ते ओट्यावर मशीन उलटं करून कानशीने पाती घासत बसायचे. तो करकर आवाज, आत पाट्यावर वाटण वाटल्याचा आवाज, आणि मधूनच बाबांची कुरकुर, की जे गवत गुरं खात नाहीत त्याची धार काढायची वेळ आली. आमच्या शुक्रवारचा हा ठरलेला कार्यक्रम होता. बाबा कंटेनर यार्डात वॉचमन होते. खाकी शर्ट घालून दिवसभर खुर्चीवर बसण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. कोणी विचारलं तर ते नोकरी करतो असं कधी सांगायचे नाहीत. सध्या यार्डात बसतो, म्हणायचे.

या 'सध्या'च्या मागे आमचं शेत होतं. आमच्या गावची बरीचशी जमीन खाडीकाठची, खारी. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरून मातीचा लांब बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्याला लाकडी दार. त्या दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात. दरवर्षी उन्हाळ्यात प्रत्येक घरातला एक माणूस बांधाच्या डागडुजीला जायचा. मग कोणाच्या जमिनी गेल्या, कोणाला नोकऱ्या लागल्या, कोणी रेती-खडीच्या धंद्यात पडलं, आणि बांधावर जायला माणूस मिळेना. भात लावायलाही मिळेना. आमचं शेत सहा वर्षं पडीक होतं. पण ते गावातलं सगळ्यात आतलं आणि उंच शेत, त्याला कधी खार लागली नाही. सगळे त्याला 'गोडं शेत' म्हणायचे. एकाला तिथे कोळंबीचं तळं करायचं होतं. बाबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. दरवर्षी जून जवळ आला की ते म्हणायचे, पुढल्या सालाला लावतो. यार्डातून सुटलो की लावतो. आम्ही मान डोलवायचो. ते शेत पुन्हा लावणं ही बाबांची एकच इच्छा होती, आणि घरात तिची कोणी थट्टा करत नसे, आईसुद्धा नाही.

बाबांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना माती चाखता यायची. पाऊस लागून खाऱ्या शेतातली खार धुऊन गेली की नाही, भात टाकायला हरकत आहे की नाही, हे विचारायला लोक बाबांना बांधावर घेऊन जायचे. बाबा चप्पल काढायचे, चिमूटभर चिखल जिभेवर ठेवायचे, क्षणभर डोळे बारीक करायचे आणि थुंकायचे. मग सांगायचे, अजून आठ दिवस थांब. किंवा, टाक. लहानपणी मला याची लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील कसे, पेढा चाखतात, बासुंदी चाखतात; आमचे माती. आपल्या स्वतःच्या शेतात मात्र त्यांनी कधी जीभ लावली नाही. गोडं ते गोडं, चाखायचं काय?

आमचं सगळ्यात मोठं काम तळोज्याच्या वाटेवर होतं, गफूरचाचांच्या बंगल्यात. चाचा कोकणी मुसलमान, एकवीस वर्षं आखातात काढून परत आलेले. तिथे एका कंपनीच्या वसाहतीची बाग त्यांच्या देखरेखीखाली होती आणि रेतीत हिरवळ राखून दाखवल्याचा त्यांना भारी अभिमान होता. इथे बंगला बांधला तेव्हा खोल्या कमी काढल्या आणि लॉन मोठं ठेवलं. पहिल्या दिवशी त्यांनी आईच्या मागे फिरून ती लव्हाळा कसा काढते ते बघितलं, आणि आधीच्या माळ्याला रजा देऊन टाकली. काम झालं की ते आम्हाला गच्चीखाली बसवून सांदणं आणि नारळाचं दूध द्यायचे. आई आधी आढेवेढे घ्यायची आणि मग चार खायची.

त्या दिवाळीनंतर चाचांनी सांगितलं, की नाताळाच्या सुट्टीत धाकट्या मुलाचं लग्न आहे आणि वलीम्याचं, म्हणजे लग्नानंतर मुलाकडचं जेवण याच लॉनवर होणार आहे. आखातातून पाहुणे येणार. पावसाने लॉनमध्ये जागोजाग खळगे पडले होते. ते भरायचे, वर चाळलेली माती आणि शेणखत पसरायचं, म्हणजे महिन्याभरात गवत सारखं वर येतं. चांगली माती कुठून आणावी याची मी जेवताना चर्चा करत होते. बाबा पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "आपल्या शेताची ने. तशी माती तुमच्या नर्सरीवाल्याच्या बापाला मिलनार नाय."

त्या आठवड्यात बाबांचा चेहरा वेगळाच होता. त्यांनी यार्डातून रजा घेतली. रविवारी पहाटेच आम्ही तिघं शेतावर गेलो. बाबांनी खाकी शर्ट घरी ठेवून जुना बनियन घातला होता आणि फावडं असं चालवत होते, की मध्ये सहा वर्षं गेलीच नाहीत. माती काळी, मऊ, भुसभुशीत. ती हातात घेऊन त्यांनी मला दाखवली, पण जिभेवर ठेवली नाही. शेताच्या खालच्या अंगाला मोरस उगवली होती. मोरस म्हणजे खाडीकाठची बारीक, रसरशीत पानांची भाजी. ती अंगचीच खारट, म्हणून शिजवताना मीठ घालायचं नसतं. आई खूश झाली, खाडीपर्यंत चालत जायला नको म्हणून तिने ओटीभर खुडली. दुपारी तिने ती करंजा गावच्या कोळणीकडून घेतलेल्या सुकटीत घालून केली. आम्ही तिघंही पोटभर जेवलो. बाबांनी दोनदा मागून घेतली.

आज हे लिहिताना मला स्वतःच्या अकलेचं नवल वाटतं. खाऱ्या जमिनीशिवाय न उगवणारी भाजी आमच्या गोड्या शेतात उगवली होती, आम्ही ती खुडली, शिजवली, खाल्ली, हात धुतले आणि मातीच्या गोण्या टेम्पोत चढवल्या. मी वनस्पतिशास्त्र शिकत होते. बाबांना ती मोरस दिसली नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

बाबा टेम्पोबरोबर स्वतः आले. गफूरचाचांना त्यांनी गोणीचं तोंड उघडून माती दाखवली, हे आमचं गोडं शेत, माझ्या आज्याच्या हातचं, असं सांगितलं. चाचांनी त्यांना खुर्ची दिली. दोघे म्हातारे होऊ घातलेले पुरुष मातीवर तासभर बोलत बसले. आम्ही दोघींनी खळगे भरले, वर थर पसरला, पाणी मारलं. परतताना बाबा टेम्पोत पुढे बसले होते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते.

दहा-बारा दिवसांनी लॉन पिवळं पडायला लागलं. आधी खळगे भरले होते तिथे, मग त्यांच्या आजूबाजूला. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. तिसऱ्या शनिवारी गेलो तेव्हा उन्हात मातीवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसत होती. आईने ती पाहिली आणि लांब जाऊन लव्हाळा शोधत बसली. चाचा चष्मा लावून उकिडवे बसले, नखाने भुकटी खरवडली आणि माझ्याकडे वळले.

"बेटी, ही खार हाय," ते म्हणाले. "एकवीस वर्सं मी हिच्याशीच झगडलोय. तुमच्या शेतान दर्याचं पानी शिरलंय."

मी म्हणाले, शक्यच नाही. चाचांनी वाद घातला नाही. माती खरवडून काढावी लागेल, तळ गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावा लागेल आणि वर तयार गवताच्या लाद्या बसवाव्या लागतील, मेहनत केली तर तीन आठवडे पुरतील, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मुलाचं लग्न तोंडावर आलेल्या माणसाने एवढं शांत राहावं, याची मला शरम वाटली. मी सगळं कबूल केलं, फक्त एक मागितलं, की बाबांना हे कळू नये. चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "तुजी मर्जी. पन मानसाला त्याच्या जमिनीची खबर दुसऱ्यानं द्याची नस्ते." मी ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी बांधावर गेले. उघाडीचं दार केव्हाच कुजून पडलं होतं आणि त्याच्या बाजूला बांधाला माणूस आडवा जाईल एवढी खांड पडली होती. भरतीची वेळ होती. पाणी काही गाजावाजा न करता त्यातून आत येत होतं आणि आमच्या शेताकडे चाललं होतं. मी तिथे उभी राहून रडले. लॉनसाठी नाही. बाबा दर जूनला काय म्हणतात ते आठवून रडले.

पुढचे पंधरा दिवस मी कॉलेज बुडवलं. आई आणि मी माती खरवडायचो, बंगल्याच्या मागच्या कोपऱ्यात ढीग करायचो, पाणी सोडायचो, ते निथळू द्यायचो. धंद्यात साठलं होतं ते सगळं गवताच्या लाद्यांत गेलं. घरी बाबा रोज विचारायचे, गवत कसं हाय? आणि मी सांगायचे, झकास. आपली माती ती, ते म्हणायचे. आई चुलीकडे तोंड करून बसायची. एकदा मी तिला विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, "मोरस दिसली तवाच मनात आलं हुतं. पन त्यांचा चेरा बघितलास ना त्या दिवशी? कसं बोलू?"

मग एका रविवारी बाबांनी सुट्टी घेतली. आम्हाला सांगितलं नाही. आम्ही लाद्या बसवत होतो, अर्धं लॉन हिरवं झालं होतं, अर्धं उघडं होतं, आणि फाटकाची कडी वाजली. बाबा धुतलेला शर्ट घालून, हातात केळ्यांचा घड घेऊन उभे होते. लग्नघरी रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून आणलेली आमच्या परसातली केळी. त्यांनी उघडी जमीन बघितली. आमचे चिखलाचे हात बघितले. मग मागच्या कोपऱ्यातला ढीग बघितला. वाळून तो पांढुरका झाला होता.

चाचा घरातून बाहेर आले, पण पायरीवरच थांबले. बाबांनी केळी त्यांच्या पायरीवर ठेवली, चप्पल काढली आणि ढिगाकडे गेले. मला पुढे व्हायचं होतं. आईने माझं मनगट धरलं. बाबांनी चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली. डोळे बारीक केले. मी थुंकण्याची वाट बघत होते. बांधावर शेकडो वेळा बघितलं होतं, चाखायचं, थुंकायचं, सांगायचं. बाबा थुंकले नाहीत. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

त्यांनी विचारलं, "खांड कुठं पडलीय? उघाडीपाशी?"

मी हो म्हणाले.

"तू बघून आलीस?"

मी मान हलवली. तेव्हा ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "माती खारी झाली ती झाली. दर्या काय माजा नोकर नाय," ते म्हणाले. "पन तू माज्यापासून झाकलंस कशाला? रोज विचारत हुतो मी तुला. मी काय पोर हाय?"

मी त्यांना वाचवत होते असं मला तेव्हा वाटत होतं. खरं म्हणजे मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, म्हणून मी त्यांना रोज दोन वेळा खोटं जेवू घातलं.

बाबांनी चाचांची माफी मागितली. चाचा म्हणाले, भाऊ, त्यात काय. मग बाबांनी शर्ट काढून खुंटीला लावावा तसा जांभळीच्या फांदीला अडकवला आणि रिकाम्या गोण्या मागितल्या. ढीग रस्त्याकडेला टाकून द्या, असं चाचांनी सुचवलं. बाबा म्हणाले, नाय, आपली हाय, आपल्या शेतान जाईल. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी माती गोण्यांत भरली आणि त्याच टेम्पोने परत नेऊन शेतात ओतली. जाता जाता खालच्या अंगाची मोरस खुडली. घरी येऊन ती आईपुढे ठेवली आणि म्हणाले, मीठ टाकू नको. आईने त्यांच्याकडे बघितलं. ते मिशीत हसत होते, पण डोळे भरले होते.

वलीमा छान झाला. पाहुण्यांनी लॉनवर पातेलीच्या पातेली बिर्याणी संपवली आणि गवत पार तुडवलं; ते पुन्हा उभं करायला आम्हाला फेब्रुवारी उजाडला. बाबा आहेराचं पाकीट घेऊन आले होते. कडेच्या खुर्चीत बसून त्यांनी पायाच्या अंगठ्याने एका लादीची कड दाबून बघितली, नीट बसली आहे की नाही म्हणून.

बांधाची खांड बुजवायला ते त्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्याबरोबर दोन माणसं आली, आठ दिवस खपली, आणि पुढच्या उधाणाने सगळं नेलं. त्या वर्षी जून आला तेव्हा बाबा 'पुढल्या सालाला' म्हणाले नाहीत, आणि नंतरही कधी नाहीत. पण एका शनिवारी सकाळी मी मशीन उचलायला गेले, तर ते ओट्यावर चप्पल घालून बसलेले. मातीचा ट्रक येनार हाय ना आज, त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून आमच्या कोणत्याही लॉनवर त्यांनी चाखल्याशिवाय माती पडली नाही. नर्सरीवाले त्यांना घाबरायचे. एकाचा आख्खा ट्रक त्यांनी एका चिमटीवर परत पाठवला होता.

आता धंद्याचा टेम्पो आहे, पाच बायका आहेत, रोडपालीपासून उलव्यापर्यंत सोसायट्यांची कामं आहेत. आई गेली, तिच्यासारखं बोट मात्र मला अजून मिळालेलं नाही. बाबा खूप थकले आहेत. गेली काही वर्षं त्यांना चवच कळत नाही, कालवण आणि चहा सारखाच लागतो म्हणतात. म्हणून माती मी चाखते. शेतावर खाडीच्या चिखलात उगवणारी तिवरं माजली आहेत, तरी पाऊस संपला की बाबा मला तिथे पाठवतात, आणि मी कागदात चिमूटभर माती आणते. ते ती हातात घेतात, चुरतात, वास घेतात आणि कागद माझ्यापुढे करतात. मी जिभेवर ठेवते. ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. दरवर्षी त्या एका क्षणाला माझ्या मनात येतं, की गोडी आहे असं म्हणावं, कोण बघायला जातंय.

"खारी हाय, बाबा," मी सांगते.

"मंग थुंक ना," ते म्हणतात. "गिलतंस कशाला?"